तांबड्या रेघेखालचे बोलणे

अर्जदार : मी स्वतः. वय बावन्न. शिक्षण नववी, तीही अपुरी. मराठी टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण. व्यवसाय अर्जलेखन. बसण्याचे ठिकाण मुलुंड पश्चिमेला एका सरकारी कचेरीच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या दुकानातील डावीकडचा संगणक.

सामनेवाला : अद्याप निश्चित नाही.

घटनेचा काळ : गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरचा पहिला मंगळवार आणि त्यापुढचे सुमारे दोन महिने.

साक्षीदार : एक, झेरॉक्सच्या दुकानाच्या मालकीण. दोन, घाटकोपरच्या एका पुनर्वसन इमारतीत तेव्हा सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई. तीन, कचेरीतील आवक टेबलावरचे लिपिक. हे तिसरे साक्षीदार साक्ष देतील अशी आशा नाही.

नावे : कोणाचेही लिहिणार नाही. दुसऱ्यांची नावे कागदावर घालण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, आणि नाव कागदावर आले की माणसाला काय काय सोसावे लागते ते मी पाहिलेले आहे.

येणेप्रमाणे तपशील दिल्यानंतर निवेदन करतो की, या फाटकासमोर आम्ही पाच जण अर्ज लिहितो, आणि त्यांत शुद्ध अर्ज लिहिणारा मी एकटा आहे. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणे बरे दिसत नाही, पण कचेरीतून बाहेर येणारी माणसेसुद्धा लोकांना माझ्याकडे बोट दाखवतात, तेव्हा सांगण्यास हरकत नसावी. माझी पद्धत अशी. समोर बसलेला माणूस जे बोलेल ते मी प्रथम जसेच्या तसे उतरवतो. त्यात शिव्या असतात, रडणे असते, मेव्हण्याची कहाणी असते, मध्येच चहावाल्याला मारलेली हाक असते. मग त्या बोलण्याचे मी अर्जात रूपांतर करतो. जे कचेरीच्या कामाचे नाही ते गाळतो, उरलेल्याला योग्य शब्द देतो. टाइपरायटरच्या काळात बोलणे पाठकोऱ्या कागदावर हाताने लिहीत असे आणि काम झाल्यावर तो कागद फाडत असे. संगणक आल्यावर दोन्ही गोष्टी पडद्यावरच करू लागलो. वर बोलणे, खाली अर्ज, आणि शेवटी वरचे पुसून टाकणे.

संगणकाला मी बरीच वर्षे उजेडाचा टाइपरायटर समजत होतो. हा समज मालकीणबाईंनी मोडला. त्यांना मी ताई म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात, आणि चिडल्या की भाऊसाहेब. त्यांचे मूळ गाव मालवणकडे, जन्म भांडुपचा. अंधेरीला एका वकिलांच्या कार्यालयात त्यांनी कित्येक वर्षे टंकनाचे काम केले होते. ते कार्यालय बंद झाल्यावर त्यांनी हे दुकान घेतले. एके दिवशी माझ्या मागे उभ्या राहून त्या म्हणाल्या,

"भाऊ, ह्या काय? स्पेस किती वेळा मारताय?"

"तारीख उजवीकडे न्यायची आहे."

"मग उजवीकडे न्यायचं बटण आहे ना. गाडी ढकलत कशाला नेताय, इंजिन आहे तिला."

त्यांनी एक बटण दाबले आणि तारीख आपोआप उजव्या समासाला जाऊन बसली. मी ती पुन्हा डावीकडे आणली, पुन्हा उजवीकडे पाठवली. असे चार वेळा केले. त्या दिवसापासून मला एक प्रकारची भूक लागली. या यंत्रात आणखी काय काय दडलेले आहे ते पाहावे, अशी. गिऱ्हाईक नसले की मी एकेक यादी उघडून वाचत बसे आणि ताईंना विचारत असे.

नवे पान सुरू करण्यासाठी मी चाळीस वेळा एंटर मारत होतो, आणि वरती एक ओळ वाढली की सहीची जागा घसरून खाली जात होती. त्यावरही एक साधा उपाय होता, दोन बटणे एकत्र दाबण्याचा. मग लघुरूपांची सोय कळली. 'वस' एवढे लिहिले की 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' हे अख्खे वाक्य उमटू लागले. जे वाक्य मी इतकी वर्षे अक्षर अक्षर जोडून लिहिले, ते दोन अक्षरांत मावले. मला आनंद झाला आणि थोडे ओशाळल्यासारखेही झाले. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते उमटताना पाहिले.

"हे आधीच लिहून ठेवलेलं काय?" त्यांनी विचारले.

"सुरुवात सगळ्यांची सारखीच असते, बाबा."

"मग माझं कुठून चालू होतं?"

मी बोटाने जागा दाखवली. ते वाकून ती जागा बराच वेळ पाहत राहिले.

शोधण्याच्या सोयीने तर मला विचारातच पाडले. एखादा शब्द दिला की तो कुठे कुठे आला आहे ते यंत्र पिवळ्या रंगात दाखवते. सर्व फायलींतही शोधता येते. मी सहज म्हणून 'अत्यंत हलाखीची परिस्थिती' हे शब्द दिले. पडद्यावर फायलींची नावे येऊ लागली ती थांबेचनात. मला वाटत होते की मी प्रत्येकाचा अर्ज वेगळा लिहितो. कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा वारसदाखला, कोणाच्या मुलीचे जातप्रमाणपत्र, आणि परिस्थिती सर्वांची एकच. आत बसून हे वाचणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, असा प्रश्न मला तेव्हा प्रथम पडला. त्याचे उत्तर कोणाकडून मिळण्यासारखे नव्हते, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

यानंतर बदलांची नोंद ठेवण्याची सोय आली. ही वकिलांकडची. ताईंनी ती मला उत्साहाने शिकवली.

"आमच्याकडे दोन पार्ट्या एकच करारनामा घासत बसायच्या. ह्याने काय काढलं, त्याने काय घातलं, सगळं तांबड्यात दिसायचं. कोणाला लबाडी करायला जागाच नाय."

ही सोय चालू केली की पुसलेले शब्द जात नाहीत. त्यांच्यावर तांबडी रेघ पडते आणि नवे शब्द शेजारी तांबड्यात उभे राहतात. मी पहिला अर्ज तसा केला आणि थक्क झालो. माझे कसब मी स्वतः कधी पाहिले नव्हते. 'हरामखोरांनी नळ तोडला' यावर रेघ, आणि शेजारी 'अज्ञात इसमांनी जलजोडणीचे नुकसान केले'. जणू एखाद्याने माझ्या डोक्याचे झाकण उघडून आतले काम दाखवले. त्यानंतर मी प्रत्येक अर्ज तसाच करू लागलो, निव्वळ पाहण्यासाठी.

अडचण एवढीच की वाचून दाखवताना आणि छापताना तो तांबडा गोंधळ नको असे. त्यावर ताईंनी वरच्या यादीतली एक ओळ दाखवली. ती निवडली की तांबडे दिसेनासे होते आणि स्वच्छ अर्ज समोर येतो.

"पण बाहेर पाठवायच्या आधी सगळं ॲक्सेप्ट करायचं, हां," त्या म्हणाल्या.

हे मी ऐकले होते. नाही ऐकले असे खोटे सांगणार नाही. मात्र माझ्या मनात असा विचार आला की स्वीकारणे हा वकिलांकडचा प्रकार, तिथे दोन बाजू असतात. माझ्या अर्जात लिहिणारा मी, खोडणारा मी. स्वीकार कोणी करायचा? शिवाय माझा सारा जन्म कागदावर गेला. कागदावर जे दिसत नाही ते नाही, हा आमच्या धंद्यातला पाया आहे. दिसेनासे झाले म्हणजे गेले, असे मी धरून चाललो.

अशा स्थितीत, वर सांगितलेल्या मंगळवारी, घाटकोपरच्या त्या बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, मूळच्या जालन्याकडच्या, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. त्यांच्या पतीला अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष होत आले होते. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामोपचारासाठी न्यावे लागे. डॉक्टरांनी सांगितले होते की हे सहा महिने चुकवू नका, पाय परत येईल तो आत्ताच येईल. इमारतीची लिफ्ट बंद पडून आठ महिने झाले होते. तळमजल्यावर एक खोली रिकामी होती. तिच्याबदल्यात आपली सहाव्या मजल्यावरची घ्यावी, एवढीच त्यांची मागणी.

"कसे नेता त्यांना?" मी विचारले.

"पाठीवर."

माझी बोटे चालू लागली. त्या बोलत होत्या ते येथे देतो, कारण ते मला पाठ झाले आहे.

"मी पाठीवर घेते आणि उतरते. सहा मजले. चढताना तिसऱ्यावर थांबते. तिसऱ्यावरची बाई दार उघडून पाणी देते, आता तीपण दार उघडत नाही, रोज रोज कोण देईल. पहिल्यांदा तो म्हणायचा, सॉरी. आता गप असतो. नुसता श्वास लागतो मानेला. खालच्या खोलीत कबुतरं राहतात, साहेब. कबुतरांना तळमजला आणि आम्हाला सहावा." मग त्याच आवाजात म्हणाल्या, "परवा पाचव्यावर मनात आलं, हा गेला तर मी मोकळी होईन. हे लिहू नका."

लिहून झाले होते. माझी बोटे कानाच्या पाठोपाठ जातात, मध्ये मी नसतो.

मग मी अर्ज केला. 'अर्जदाराचे पती चालण्यास असमर्थ असल्याने त्यांची ने-आण करणे अर्जदारास अत्यंत जिकिरीचे होत आहे.' वैद्यकीय कागदांचे संदर्भ दिले, नियमाचा उल्लेख केला. बाकीचे पुसले, तांबडे दडवले, वाचून दाखवले. बाईंनी ऐकून घेतले.

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "माझं आहे असं वाटत नाही, पण चांगलं आहे."

त्यांनी सही केली. कचेरीत अलीकडे सही केलेल्या कागदासोबत मूळ फाइलही ईमेलने मागतात. टिप्पणी लिहिताना अर्जातला मजकूर उचलून चिकटवता येतो, त्यांचे टंकन वाचते. म्हणजे तेही यंत्राच्या सोयी शिकले आहेत. मी फाइल पाठवली.

शुक्रवारी ताईंना त्या ईमेलची पोच छापायची होती. त्यांच्या संगणकावर ती फाइल उघडली. मला हाक आली.

"भाऊसाहेब, इकडे या."

त्यांच्या पडद्यावर सर्व तांबडे होते. कबुतरे होती. पाचवा मजला होता.

"तुम्ही ॲक्सेप्ट नाय केलंत."

"पण मी तर दिसेनासे केले होते."

"तुम्हाला दिसेनासं केलंत. त्यांना कशाला दिसेनासं होईल?"

ज्या दोन बटणांनी शेवटची कृती रद्द होते ती दाबून मागे जाता येते का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ते इथल्या इथे चालते, गेलेल्या पत्रावर चालत नाही. मी स्वच्छ फाइल तयार करून 'सुधारित प्रत, पूर्वीची रद्द समजावी' अशा मजकुरासह पाठवली आणि रस्ता ओलांडून कचेरीत गेलो. आवक टेबलावरच्या लिपिकांना मी वीस वर्षे ओळखतो.

"पहिलीची प्रिंट निघाली," ते मान वर न करता म्हणाले. "नस्तीत लागली."

"ती बाडातून काढून दुसरी लावता येईल का?"

आता त्यांनी मान वर केली. "तुम्ही मला विचारताय? नस्तीतला कागद निघतो का कधी? तुम्हीच लोकांना सांगता ना बाहेर बसून?"

मीच सांगतो, हे खरे होते.

"प्रिंटमध्ये तांबडे आले आहे का?"

"आमचा प्रिंटर काळाच छापतो. रेघा आल्यात. रेघांखालचं वाचता येतं." एवढे बोलून ते पुढच्या माणसाकडे वळले. त्यांनी ते वाचले होते की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आले नाही.

सुनावणीचे पत्र आले. त्यात 'अर्जदाराने पतीसह समक्ष हजर राहावे' असे होते. म्हणजे टेबलावर नस्ती उघडी असणार आणि ज्यांच्याविषयी ते वाक्य होते ते गृहस्थ समोर खुर्चीत बसणार. बाईंनी ते पत्र वाचून घेण्यासाठी माझ्याकडेच आणले. मला न सांगण्याची सोय होती. ताई म्हणाल्या, "सांगा, नायतर मी सांगते."

मी सांगितले.

"तेपण?" बाईंनी विचारले.

"तेही."

"मी म्हटलं होतं लिहू नका."

"बोटे आधी चालतात."

"मग बोटांना सांगायचं होतं." त्यांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "त्याला वाचता येतं. हात गेलाय, डोळे नाही गेले." मग त्यांनी विचारले, "अर्ज मागे घेतला तर?"

"तर खोलीही जाईल. पुन्हा अर्ज करेपर्यंत ती दुसऱ्या कोणाला देतील."

"आणि डॉक्टरचे सहा महिने?"

त्या पत्र घेऊन निघून गेल्या. अर्जलेखकाने अर्जदारापुढे मान खाली घालावी असा प्रसंग माझ्यावर त्यापूर्वी आला नव्हता.

सुनावणीच्या दिवशी मी फाटकाशी उभा होतो. रिक्षा आली. बाईंनी पतीला उतरवले, पाठीवर घेतले आणि कचेरीच्या पायऱ्या चढू लागल्या. मी पुढे झालो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही बाजूला व्हा, तोल जातो." वर चढताना त्यांनी मला हळू आवाजात, पण पाठीवरच्या माणसालाही ऐकू जाईल असे सांगितले, "मी बोललेय ह्याच्याशी. कागदात वाचण्यापेक्षा माझ्या तोंडून बरं."

"काय म्हणाले?"

उत्तर त्या गृहस्थांनीच दिले. त्यांचे शब्द जड येत होते. "मला... दुसऱ्या मजल्यावरच येतं मनात. ही... पाचव्यापर्यंत टिकते."

"गप रे," बाई म्हणाल्या, "बोललास की जड होतोस."

मला आत जाण्याची परवानगी नव्हती. सुमारे वीस मिनिटांनी ती दोघे बाहेर आली. आत काय झाले ते विचारल्यावर बाई म्हणाल्या, साहेबांनी कागद उलटले, एका पानावर थांबले, लिफ्ट कधीपासून बंद ते विचारले, आणि सही घेतली. कोणत्या पानावर थांबले? ते त्यांना उलटे दिसत होते.

पुढच्या महिन्यात आदेश निघाला. तळमजल्याची खोली मिळाली. कबुतरे हाकलायला दोन दिवस गेले, असे बाईंनी सांगितले. आता त्यांचे पती काठी घेऊन इमारतीच्या फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. पाय कितपत येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत, पण एकही दिवस चुकत नाही. बाई माझ्याशी बोलतात. पूर्वीइतके नाही.

आदेशाची प्रत मी वाचली तेव्हा एका ओळीवर थबकलो. 'अर्जदार या पतीस स्वतः पाठीवर घेऊन सहा मजले चढउतार करीत असल्याचे अर्जावरून दिसून येते.' माझ्या अर्जात हे नव्हते. माझ्या अर्जात 'जिकिरीचे' होते. पाठीवर हा शब्द मी स्वतः खोडला होता, आणि तो रेघेखालून उचलून आदेशात चिकटवलेला होता. सुनावणीत साहेबांनी बाईंना पतीला पाठीवरून उतरवताना पाहिले असेल, अशी शंका ताईंनी काढली. तसेही असू शकेल. पण मग 'अर्जावरून' असे कशाला लिहिले असते?

तेव्हापासून माझी पद्धत बदलली असे म्हणवत नाही. बोलणे एका फाइलीत आणि अर्ज दुसऱ्या फाइलीत, अशी व्यवस्था मी केली आहे, आणि पाठवण्यापूर्वी ताईंच्या संगणकावर उघडून पाहतो. यंत्राचे काम त्यामुळे चोख झाले. माझे मात्र अडले आहे. कोणी समोर बसून बोलू लागले की माझे बोट पुसण्याच्या बटणावर जाते आणि तिथे थांबते. मागच्या आठवड्यात मानखुर्दच्या एका विधवेच्या अर्जात मी तिचे एक वाक्य तसेच ठेवले. बरोबर केले की नाही, मला माहीत नाही.

सबब, ज्या कोणा अधिकाऱ्यांनी तो आदेश लिहिला त्यांना सविनय विनंती की, त्यांनी खालील बाबींवर लेखी खुलासा करावा. पाठीवरचे वाक्य त्यांनी रेघेखालून घेतले किंवा कसे. त्याच पानावरचे, पाचव्या मजल्याचे वाक्य त्यांनी वाचले किंवा कसे, व वाचले असल्यास निर्णय त्याने झाला की त्याला न जुमानता झाला. बाईंना यातले फक्त दुसरे जाणून घ्यायचे आहे. त्यांनी ते मला दोनदा विचारले आहे, आणि मी त्यांना उत्तर देणे लागतो. मला दोन्ही जाणून घ्यायचे आहे. मी जे खोडत आलो ते खोडण्याजोगे होते काय, हे ठरवण्यास अन्य कोणताही पुरावा माझ्याकडे नाही. खुलासा फाटकासमोरील झेरॉक्सच्या दुकानात, डावीकडच्या संगणकावर बसणाऱ्या इसमाच्या नावे यावा. तो मजकुरात काहीही फेरफार न करता संबंधितांस वाचून दाखवला जाईल.